मिलिंदच्या ट्रेमधल्या पुंगळ्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का? — तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून. ऐकताना मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं. तेच तर वाईट आहे.

मिलिंद माझा नवरा. आम्ही दोघं इथे परदेशात, चोआ चू कांग नावाच्या उपनगरात राहतो, मुलगी लग्नानंतर याच शहरात सेंगकांगला गेली. तो बोगद्यांचा इंजिनिअर, आणि मी एका कारखान्यात क्वालिटीला — म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. मुलगी मोठी झाली, शनिवार रिकामे पडू लागले, तेव्हा मिलिंद एका नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागला. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजीत पहिला आला होता म्हणे. हे त्याने मला लग्नाआधी दोनदा आणि लग्नानंतर अगणित वेळा सांगितलंय. सोबत म्हणून मीही गेले.

इथे बंदुकीच्या बाबतीत कायदा फार कडक. बंदूक क्लबची, काडतुसं क्लबची, आणि गोळी सुटल्यावर मागे उरणारी पितळेची रिकामी पुंगळी — तीही क्लबचीच. शंभर दिल्या तर शंभर परत. एक कमी भरली की डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, सगळे गुडघ्यांवर येऊन बाकांखाली शोधू लागतात. या पुंगळ्या टाकून देत नाहीत. धुऊन, निवडून पुन्हा भरतात. भरायचं काम क्लबातले जुने अंकल टॅन करायचे. लायसन त्यांच्या नावावर, कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात. निवडायचं कंटाळवाणं काम मात्र कोणालाच नको असायचं. ते मी मागून घेतलं.

तांदूळ निवडावेत तसंच ते. पुंगळीच्या बुडावर कारखान्याचा शिक्का असतो, एका शिक्क्याच्या एकीकडे. मग कोणती किती वेळा वापरून झाली ते बघायचं. तोंडाशी बारीक चीर गेली असेल तर बाद. शेवटी छोट्या काट्यावर एकेकीचं वजन. एवढा उपद्व्याप कशाला? — कारण बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या पुंगळ्या आतून कमीजास्त जाड असतात. मिसळून वापरल्या की एक गोळी जरा जोरात जाते, दुसरी जरा हळू. मजेखातर चार गोळ्या झाडायच्या तर काही बिघडत नाही. पण मॅचमध्ये अर्ध्या बोटाच्या फरकाने माणूस वरून खाली येतो.

येतेय, मुद्द्यावरच येतेय. थोडं अवघड जातंय, इतकंच.

मिलिंद माझ्यापेक्षा चांगला नेमबाज होता. चांगला म्हणजे — त्याचा हात भिंतीसारखा. प्रत्येक मॅच तो जिंकायचा आणि परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला समजावायचा की सुजा, तू फार विचार करतेस, ही बंदूक आहे, मायक्रोमीटर नव्हे. डब्यातले चार लोक वळून बघायचे. मी हसायचे. आतून जळायचे का? हो, चांगलीच.

मग क्लबची वार्षिक मॅच आली. प्रत्येकाला साठ गोळ्या, ज्याच्या त्याच्या नावाच्या ट्रेमधल्या पुंगळ्यांत भरलेल्या. त्या आठवड्यात मी निवडायला बसले, आणि एका शिक्क्याच्या, एका वजनाच्या, फक्त एकदाच वापरलेल्या अशा बरोबर साठ पुंगळ्या निघाल्या. तीस त्याच्या ट्रेमध्ये, तीस माझ्या, असं करता आलं असतं. किंवा सगळ्याच त्याला देता आल्या असत्या; जिंकणारा तोच होता. मी साठच्या साठ माझ्या नावाच्या ट्रेमध्ये लावल्या. त्याच्या ट्रेमध्ये उरलेल्या घातल्या — तीन शिक्क्यांच्या, नव्या-जुन्या, जाड्या-बारक्या. वरून दोन्ही ट्रे अगदी सारखे दिसत होते.

मी दुसरी आले. मिलिंद अकरावा.

एकदाच केलं असतं तर गंमत म्हणून सांगून टाकलं असतं हो. पण मी पुढच्या वेळीही तेच केलं. मग त्याच्या पुढच्याही. चार वर्षं.

आणि तो? तो स्वतःत दोष शोधत राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी, सोडली. इथे राहून कोपी सोडणं म्हणजे काय, ते हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या, त्या कॉफीवाल्या आंटीला विचारा, तिला वाटलं हा आजारी आहे. रोज सकाळी आनापान करायला बसायचा, श्वास नाकपुडीशी येतो-जातो ते बघत. मग हॉलमध्ये उभा राहून छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावून दहा-दहा मिनिटं हलायचा नाही. जेवायला आलेली मुलगी एकदा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा सो सॅड ला. मम्मा, वन टाइम लेट हिम विन, कॅन?" मी तिला भाजी वाढली.

अंकल टॅनना मात्र शंका आली होती. एकदा माझ्यासमोरच ते त्याला म्हणाले, "मिलिंद, युवर राउंड्स ओके ऑर नॉट? चेक ला." तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण मिलिंदचा स्वभाव असा, की नेम चुकल्यावर काडतुसाला बोल लावणारी माणसं त्याला अजिबात आवडत नाहीत. त्याने हसत हसत अंकलना 'नाचता येईना अंगण वाकडं' इंग्रजीत समजावून सांगितलं. वर म्हणाला, पुंगळ्या माझी बायको निवडते, तिच्या हातून चूक होत नाही. ते खरंच होतं. चूक झालीच नव्हती. मी शेजारीच ट्रे धरून उभी होते.

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे एकत्र जमून पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, या शीलाशी मी दरवर्षी खणखणीत आवाज लावायचे — मी कुठे काय बोलले होते? पण त्याच्या दोन पायऱ्या आधी, दुसऱ्याचं न दिलेलं घेणार नाही, असं येतं. तिथे मला हमखास ठसका लागायचा. मिलिंद पाण्याची बाटली पुढे करायचा.

शेवटी त्याने बंदूक सोडली. भांडून नाही, रुसून नाही. म्हणाला, हात गेला, वयच झालं, आता तू खेळ आणि मी बघतो. तेव्हापासून तो दुर्बिणीतून माझं टार्गेट बघतो, किंचित खाली, किंचित डावीकडे, असं हळूच सांगतो. मी तीन कप जिंकले. ते तोच पुसतो, पाहुण्यांना तोच दाखवतो. आणि मला मजा येते — हे सांगायलाच हवं. जिंकायला मला फार आवडतं. त्याला एकदा चांगल्या पुंगळ्या देऊन बघाव्यात असं मनात आलं होतं, तो सोडायच्या आधीच. पण पुढच्याच शनिवारी मॅच होती. नाही दिल्या.

आता बारीक शिक्के वाचताना माझे डोळे थकतात. मागच्या महिन्यात मिलिंद म्हणाला, मला शिकव, तुझ्यासाठी मी निवडत जाईन. शिकवलं. तो मन लावून शिकला. शिक्के, चिरा, वजन. तासाभरात त्याच्यासमोर दोन ढीग झाले. त्याने दोन्हींकडे बघितलं आणि विचारलं,

"सुजा, मिसळलेल्या वापरल्या तर खरंच एवढा फरक पडतो?"

"पडतो."

"मग मी खेळत होतो तेव्हा मला कोणत्या द्यायचीस?"

काट्यावर एक पुंगळी होती. मी तिच्याकडे बघत म्हटलं, "चांगल्याच की."

त्याने हातातली पुंगळी ढिगात ठेवली. मग अगदी मोकळं हसला.

"म्हणजे माझा हातच गेला होता म्हणायचा."

मी म्हटलं, "हो."