सोडवून आणलेला सम्राट

सहाव्या शतकातल्या एका चिनी सम्राटानं माझी नोकरी जवळजवळ घालवली होती. दोष त्याचा नव्हता, माझा होता, हे आधीच सांगून टाकते.

लिआंग घराण्याचा हा पहिला सम्राट. जवळपास अर्धशतक राज्य केलं. बुद्धाला शरण गेला, मांस सोडलं, आणि राजवस्त्रं उतरवून पुन्हा पुन्हा विहारात जाऊन राहिला. दर वेळी मंत्री विहाराला अमाप दान देऊन त्याला परत आणत. म्युनिकमध्ये मी त्याच्यावर पीएचडी करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि थेट जुनं चिनी वाचायला लागले, याचा मला गर्व आहे. लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात प्रोफेसर बाईंना नवं प्रकरण पाठवलं. ते बघून त्या माझा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, वर्षभर वाढवायचा की नाही ते ठरवणार होत्या. करार नाही तर व्हिसा नाही. गुरुवारी दहा वाजता सगळ्यांसमोर चर्चा होती.

मंगळवारी पप्पांना फोन लावला. धास्ती वाटली की मी त्यांनाच लावते. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी श्रामणेर शिबिरात, म्हणजे थोड्या दिवसांची दीक्षा देतात तिथे, मुंडण करून, भिक्षूंचं चीवर घालून दहा दिवस राहून आले. सम्राटानंही तेच केलं, असं मी बारा पानं भरून लिहिलं होतं.

"म्हणजे तुझा राजा माझा गुरुबंधूच की," पप्पा म्हणाले. "पण त्याला सोडवायला मंत्री कशाला लागले गं?"

"राजा होता ना, पप्पा."

"असेना का. श्रामणेराला कोण अडवतंय? अकराव्या दिवशी मी चीवर परत केलं आणि रिक्षानं घरी आलो. तुझी आई तर न्यायलासुद्धा आली नाही."

मी हसले, फोन ठेवला, पण पप्पांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

मूळ मजकूर उघडला. दीक्षा कुठेच नव्हती. होतं ते एवढंच, की त्यानं स्वतःचा देह विहाराला देऊन टाकला, जमीन किंवा गुरं द्यावीत तसा. तो भिक्षू झाला नव्हता, विहाराच्या मालकीचा झाला होता. म्हणून तर सोडवावं लागलं. मंत्र्यांना उत्तर लिहिताना त्यानं बरोबरीच्या माणसाला घालावा तसा नमस्कार घातलाय, जो सम्राट कधीच घालत नसे. तो मी कितीदा वाचला होता, आणि नम्रपणा म्हणून सोडून दिला होता. लहानपणापासून शिबिरं बघितलेल्या डोळ्यांना धर्मवस्त्र दिसलं की श्रामणेरच दिसतो.

बुधवारी जेवण गेलं नाही. गप्प बसावं का? कुणाच्या लक्षात नाही आलं तर करार वाढेल, चूक मागाहून दुरुस्त करता येईल. आणि आलं तर? हिला मूळ वाचता येत नाही, हा शिक्का जन्मभर. हाच सम्राट म्हातारपणी बंडखोरांच्या हाती सापडून स्वतःच्याच महालात उपाशी मेला. तेव्हा सोडवायला कोणी आलं नाही. ते पान त्या दिवशी वाचायलाच नको होतं.

गुरुवारी मी पहिलंच वाक्य बोलले, "माझ्या प्रकरणाचा पाया चुकलाय." मग का आणि कसा, ते सांगितलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी माझी प्रत माझ्याकडे वळवली. चौथ्या पानावर 'दीक्षा' या शब्दाशेजारी पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह होतं. "दोन आठवड्यांत पुन्हा लिहा. कराराचं त्यानंतर बघू."

"दोन आठवड्यांनी माझा व्हिसा संपलेला असेल. पुढच्या बुधवारी देते."

"बारा पानं?"

"पाया बदलला की भिंती आल्याच. बाराच्या बारा."

त्यांनी कॅलेंडर बघितलं. "आल्झो, ठीक तर, बुधवार. सकाळी नऊ."

यू-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, बसायला जागा मिळाली, तिथेच लॅपटॉप उघडला आणि पहिलं पान पुसून टाकलं.