गाडीच्या कपाळाला विभूती

बाबांच्या गाडीतला रेडिओ गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मुका झाला. बॅटरी बदलली तेव्हा त्यानं कोड मागितला. तो कोड ज्या डॉक्टरांना ठाऊक असावा ते गाडी विकून मुलाकडे परदेशी निघून गेले होते. बाबांनी मग मनाला येतील ते आकडे दाबून पाहिले, त्यात आमची सगळ्यांची जन्मसालंही आली. पण रेडिओ रुसला तो रुसलाच. मधला छोटा पडदा तेवढा उजळायचा आणि कोड टाका, एवढंच इंग्रजीत बजावून गप्प बसायचा. बाबा म्हणायचे, "राहू दे. इंजिनाचाच आवाज एवढा गोड हाय, गाणं कशाला पाहिजे?"

गाडी विदेशी, लांबलचक, काळी. नवी होती तेव्हा लातुरात तशा दोन-चारच असतील. बाबांची मोंढ्यात आडत आहे, उभा जन्म तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत गेलेला. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर ती गाडी दिसली की ते स्कूटर हळू करायचे. ती विकायला निघाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आईलाही विचारलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि बाबांना आयुष्यात हौस एवढी एकच होती.

गाडी घेतली त्याच दिवशी पेढ्याचा पुडा घेऊन ते अहमदपूरला थोरल्या भावाकडे, म्हणजे अण्णांकडे गेले. पहिली फेरी अण्णांना बसवून मारायची, असं त्यांनी ठरवलं होतं. अण्णा ओसरीवर चार माणसांत बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुसऱ्याची उतरलेली गाडी घेतली व्हय? मी न्हाई बसायचो बाबा त्यात." माणसं हसली. बाबा पुडा न सोडता माघारी फिरले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद करण्यात आमच्या घरचा हात कोणी धरणार नाही.

यात होरपळली आई. अण्णांची बायको म्हणजे माझी मावशी, आईची सख्खी थोरली बहीण. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. लग्नानंतरही त्या एका घरात नांदल्या, पुढं बाबांनी लातूरला आडत टाकली तेव्हा कुठं घरं दोन झाली. आता दुपारी दोन्हीकडच्या पुरुषांचा डोळा लागला की त्या फोनवर हळू आवाजात बोलायच्या. पण बहिणीकडं जाऊन चार दिवस राहणं, एका ताटात जेवणं संपलं होतं. भेट झाली तर परक्याच्या लग्नात, पंगत उठेपर्यंत. मी नांदेडला कॉलेजात शिकवते. लातूरला येताना माझी एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबते. मावशीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, तरी मी कधी उतरले नाही. उतरले असते तर ती बातमी माझ्या आधी लातूरला पोचली असती आणि बोलणी आईला खावी लागली असती.

अशात बाबांच्या मानेनं संप केला. मणक्याचं दुखणं. मान वळेना, तशी गाडी मागे घेताना त्यांनी आधी मोंढ्यातली एक हातगाडी घासली, मग स्वतःच्याच दुकानाची पायरी. त्यात फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून बोलायची सवय. आईनं निकाल दिला, "एक तर गाडी विका, न्हाई तर तिला मागं डोळे बसवा." गाडी विकायचं नाव काढल्याबरोबर बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मीच दिवाळीच्या सुटीत मनावर घेतलं.

बार्शी रोडवर गाड्यांची सजावट करणारं एक दुकान आहे. तिथल्या गृहस्थांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी बुजुर्ग हाय, पण खानदानी हाय. मस्त करून टाकू." जुना रेडिओ काढायचा, जागी मोठा टच स्क्रीन, मागे कॅमेरा, फोन गाडीलाच जोडलेला. ऐकायला सोपं वाटलं. पण जुन्या खानदानी गाड्यांच्या खोडीही खानदानी असतात. या गाडीचा आवाज डिकीतल्या एका वेगळ्या डब्यातून स्पीकरांत जातो, आणि तो जुना डबा नव्या स्क्रीनशी काही केल्या बोलेना. दोघं समोरासमोर, मधे वायर जोडलेली, तरी शब्द नाही. आमच्या घराला हे नवीन नव्हतं. शेवटी दोघांच्या मधे बसवायचं आणखी एक यंत्र पुण्याहून मागवावं लागलं.

ते आल्यावर गाडी घ्यायला आम्ही तिघं गेलो. आईला बरोबर नेणं भाग होतं. आमच्या घरात नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय चालू होत नाही. मिक्सरला लावली, बोअरच्या मोटारीला लावली, दुकानातल्या काँप्युटरलाही लावली. छोट्या डबीत विभूती आणि कुंकू आईच्या पिशवीत कायम असतं.

स्क्रीन खरंच देखणा बसला होता. दुकानदारांनी एक भजन मोठ्यांदा लावून चारही दारांतून आवाज येतो का ते दाखवलं, गाडी मागे घेऊन कॅमेरा दाखवला. बाबा मान न हलवता मागचं सगळं बघत होते आणि त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. मग बाबांचा फोन जोडला. फोनमधली नावं मीच त्यांना मराठीत भरून दिलेली, ती सगळी यादी स्क्रीनवर आली. अगदी वरच्या कडेला पहिलंच नाव अण्णा. बोलणं बंद होतं, पण नंबर पुसलेला नव्हता. मी मागच्या सीटवरून ते वाचलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबा वायपरचं बटण तपासू लागले.

तेवढ्यात आई पुढच्या दारातून आत वाकली. बोटं पाण्यात बुडवून तिनं विभूती कालवली. विभूती लावायची ती कपाळाला, आणि स्क्रीनचं कपाळ म्हणजे त्याची वरची कड. तिनं तीन पट्टे ओढले, यादी जराशी थरथरली आणि जागेवर आली. मग पट्ट्यांच्या मधोमध तिनं अनामिकेनं कुंकवाचा ठिपका टेकवला, चांगला दाबून.

गाडीत रिंग वाजायला लागली.

दुकानदार काही तरी म्हणेपर्यंत पलीकडून फोन उचलला गेला होता. भजनासाठी वाढवलेला आवाज तसाच होता. चारही दारांतून अण्णा बोलले, "हालो." आम्ही तिघं गार. इतक्या वर्षांनी तो आवाज, आणि असा अंगावर चहूकडून. "हालो," अण्णा पुन्हा म्हणाले, "काय झालं रं? बोल की. कोण हाय तिकडं?" त्या आवाजानं आईला हुंदका आला. तिनं तोंडावर पदर धरला, पण स्क्रीन तिच्या नाकासमोर होता, हुंदका सगळा तिकडं गेला.

मग अण्णा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रडू नको बाई. निघालो आमी." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं बोलणं नसलेल्या घरातून फोन आला आणि त्यात बाई रडताना ऐकू आली, तर त्याचा अर्थ एकच होतो. तो कोणी कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी म्हणाले, "बाबा, आधी फोन करा. चुकून लागला म्हणून सांगा."

आई म्हणाली, "नका सांगू. सांगितलं तर स्टँडवरूनच माघारी फिरतील ते. पुना कधी यायचे मग?" तिनं नवऱ्याकडे तोंड वर करून काही मागितलेलं मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं. "येऊ द्या माझ्या आक्काला," ती म्हणाली.

बाबा बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. त्यांना सोपं होतं. बहिणी-बहिणींना भेटू द्यायचं असतं तर नुसतं गप्प बसायचं होतं, अण्णा आपल्या पायांनी दारात आले असते. आणि खरं सांगायचं तर आपणहून फोन करायला हवा होता, वर सगळं पहिल्यासारखंच राहिलं असतं. ते म्हणाले, "म्हातारा माणूस एवढा रस्ता रडत येणार?" आणि स्क्रीनवरच्या कुंकवावर त्यांनी स्वतःच बोट ठेवलं.

फोन शेजारच्या बाईनं उचलला. अण्णा घाईत फोन ओट्यावरच टाकून स्टँडकडे पळाले होते. "आत्ताच गेले की दोघं," ती म्हणाली, "कोण गेलं म्हणायचं?"

"कोणीच न्हाई," मी मागून ओरडले.

"मग रडून कोण राहिलं?" तिनं विचारलं. याला उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही. बाबांनी गाडी सुरू केली. दुकानदारांनी बाजूला होत हात जोडले, बहुधा त्यांनाही कोणीतरी गेलंच आहे असं वाटत होतं.

वाटेतल्या चाकूरच्या स्टँडवर अहमदपूरकडून लातूरला येणारी प्रत्येक बस थांबते. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. पहिल्या बसमध्ये ते नव्हते. दुसरीच्या खिडकीत मावशी दिसली, डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले. बाबा कोणाची वाट न बघता बसमध्ये चढले. मी त्यांच्या मागून पायरीवर होते, म्हणून मला ते बघायला मिळालं.

अण्णांनी आधी बाबांकडे पाहिलं आणि ओळखलंच नाही. जो गेला असं ठरवून माणूस रस्ताभर बसलेला असतो, तो समोर उभा राहिला तर डोळे ते घेत नाहीत. मग ते उठले. त्यांनी बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गाल दाबून पाहिले आणि एक सणसणीत चापट दंडावर मारली. "मला वाटलं तूच गेला," ते म्हणाले.

"मी गेलो असतो तर फोन कसा केला असता?" बाबा म्हणाले.

"तुझा काय भरवसा," अण्णा म्हणाले. कंडक्टर उतरा उतरा म्हणत होता आणि अख्खी बस रडून-हसून बघत होती.

अण्णा गाडीशी आले. बाबांनी पुढचं दार उघडून धरलं, पण बसा म्हणाले नाहीत. अण्णा आत बसले. सीटवरून एकदा हात फिरवला, स्क्रीनच्या पट्ट्यांकडे बघून हात जोडले. मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "बसमधी एकच येत होतं मनात. एकदा बसाया पाहिजे होतं रं मी." बाबा चष्मा काढून पुसत राहिले.

मागच्या सीटवर मी दोघी बहिणींच्या कडेला अंग चोरून बसले होते. त्यांनी एकमेकींचे हात असे धरले होते की बांगड्या एकमेकींत अडकल्या होत्या. मी काही देवभोळी नाही, पण त्या वेळी मला सगळ्यांचेच पाय धरावेसे वाटले. आवाज मोठाच ठेवणाऱ्या त्या दुकानदाराचे, एवढ्या रागातही नंबर न पुसणाऱ्या बाबांचे, आणि वैर विसरून एका हुंदक्यावर बस धरणाऱ्या या म्हाताऱ्या माणसाचे. आपलं घर असं आहे, याचं मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

आई म्हणाली, "लातूर नको. अहमदपूरला चला. मी चार दिवस राहणार हाय." अंगावरच्या साडीखेरीज तिच्याजवळ दुसरी साडी नव्हती. मावशी म्हणाली, "माझ्या साड्या काय कुजवायला ठिवल्यात?"

बाबांनी गाडी वळवली. थोडं पुढं गेल्यावर आईचा हात मावशीच्या पिशवीला लागला. "काय हाय गं यात? गरम लागतंय." मावशी पिशवी पायाशी ओढत म्हणाली, "काय न्हाई." आईनं ती ओढून घेतली. आत फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या, वर शेंगदाण्याची चटणी. तव्यावरून काढून तशाच बांधलेल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जाणाऱ्या सोयऱ्यानं भाकर बांधून न्यायची असते. रडत, धावपळीत, एसटी चुकेल या भीतीतही मावशीनं ती बांधली होती. कोणासाठी, ते गाडीत सगळ्यांना कळलं.

बाबांनी एका बाभळीखाली गाडी उभी केली.

"माझ्या नावानं बांधली ना?" ते म्हणाले, "मग पहिला घास मला पाहिजे."

मावशी नको नको म्हणत होती, अभद्र म्हणत होती. अण्णांनी मागे हात करून फडकं घेतलं, मांडीवर सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून त्याला चटणी लावली आणि धाकट्या भावाच्या तोंडासमोर धरला. "खा," ते म्हणाले, "जिता हायस तवर खा माझ्या हातचं."