गोमाजीने एकच बोकड दोनदा घेतला

वर्तकनगरात आमच्या समोरच्या खोलीत गोमाजी राहायचा. मूळचा खाडीकाठचा कोळी, कारखान्यात माझ्याच पाळीला. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्यासमोर कुणाला कमी किंमत बोलायची सोय नव्हती. त्याच्या घरात आजीपासून सगळ्या बायका मासळी विकणाऱ्या. कमी भाव कानावर पडला की या गड्याच्या अंगावर काटाच यायचा. बाजारात परकं गिऱ्हाईक पापलेटाला वीस म्हणालं, की हा मागून ओरडायचा, "पंचवीस!" घ्यायचं बियचं काही नाही हो, नुसतं मासळीचा अपमान नको म्हणून! एकदा तर त्याने न्हाव्याला सांगितलं, "एवढ्या कमी पैशात माझी दाढी करू नको." न्हावी अजून त्याची आठवण काढतो.

असो, मी बोकडाचं सांगत होतो.

साल शहाऐंशी असेल. गोमाजीच्या बायकोचा, सगुणावहिनींचा, गॅसचा नंबर सात वर्षांनी लागला होता. सात वर्षं! तेवढ्या काळात त्यांची लेक मालू शाळा सोडून, लग्न करून डोंबिवलीला नांदायला गेली. वहिनींनी गॅसचे पैसे डब्यात साठवले होते, आणि आता फक्त जाऊन भरायचे होते. तेवढ्यात आली गावची चैत्रातली जत्रा. गोमाजी मलाही घेऊन गेला.

त्यांच्या गावात रीत अशी, की नवसाच्या बोकडावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं म्हणजे देवीने तो स्वीकारला. नाही झाडलं तर देवीला नको. मग त्याला सुरी लावायची नाही. त्याचा लिलाव करायचा, पैसे देवळाला, आणि घेणाऱ्याने बोकड जन्मभर सांभाळायचा. त्या वर्षीच्या बोकडावर तांब्यामागून तांब्या ओतला, तरी तो आपला शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा. मिशीसुद्धा हलवली नाही!

लिलाव पुकारायला पंचांचा म्होरक्या धोंडीबा. पहिली बोली नामाची. हा नामा म्हणजे मालूचा सासरा, गोमाजीचा व्याही. तो म्हणाला, "एकावन्न."

"एकावन्न?" गोमाजी उठलाच. "व्याही, बोकड हाय का बोंबलाची जुडी? एकशे एक!"

"दोनशे एक," नामा म्हणाला.

मी गोमाजीचा सदरा ओढत होतो. सदरा माझ्या हातात आणि गोमाजी पुढे, अशी गत. बोली सातशे एकवर गेली तेव्हा नामाने शांतपणे तोंडात पान टाकलं. "घ्या व्याही. बोकड तुमचा."

तेव्हा कुठे गोमाजी खाली बसला. बसला, आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्या कानात म्हणतो, "अरे, मला बोकड कशाला हवाय?"

"हे मला काय विचारतोस?"

"सगुणाचा गॅस गेला रे!"

बोलीचे पैसे पुनवेपर्यंत द्यायचे, नाही तर रोज आरतीनंतर भोंग्यावर नाव पुकारणार. भोंगा असा, की खाडीपलीकडच्या नातेवाइकांनाही ऐकू जावं. बोकड मात्र घेणाऱ्याने लगेच न्यायचा. म्हणून तो आला वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढेना, म्हणून आम्ही दोघांनी त्याला उचलून नेलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. साहेबांनी पहिल्याच दिवशी गॅलरीतले पापड खाल्ले, दुसऱ्या दिवशी आमच्या हिच्या परकराची नाडी. परकर तेवढा ठेवला.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "गॅसच्या पैशाला हात लागला तर बोकडाबरोबर तुम्ही गॅलरीत."

गोमाजी धोंडीबाचे पाय धरायला गेला. मीही होतोच. "धोंडीबादादा, चूक झाली. बोली परत घेतो."

"बोली परत नाय घेता येत, गोमाजी. पायजे तर पुनवेला बोकड पुन्हा लिलावात काढू. जेवढे कमी येतील तेवढे तू भर."

गोमाजी एवढा खूश झाला, की येताना त्याने मला भजी खाऊ घातली! पुनवेला आम्ही साहेबांना घासून पुसून घेऊन गेलो. या वेळी वहिनीही आल्या. त्यांनी नवऱ्याला दम दिला, "तोंड उघडायचं नाही." त्याने तोंडात रुमाल धरला.

धोंडीबाने पुकारलं. बोलीच येईना. जन्मभर सांभाळायचा बोकड कुणाला हवा? शेवटी नामा म्हणाला, "एकवीस."

रुमाल पडला. "एकवीस? साहेबाला एकवीस? एकशे एक!"

वहिनींनी कपाळावर हात मारला. नामाने तोंडात पान टाकलं. धोंडीबा म्हणाला, "एकशे एक एक वार..."

"थांब! एकशे एकला जातो म्हणजे काय? दोनशे एक!"

"अरे, आधीची बोली तुझीच हाय ना!"

"असू दे. कमी बोललो मी."

अहो, माणूस स्वतःवरच चढत गेला! मी तोंड दाबायला धावलो तोवर चारशे एकावन्न झाले होते. लोक मांडवात लोळत होते. साहेब तेवढे गंभीर.

मग पंचांनी हिशेब केला. नवी बोली चारशे एकावन्न, आणि जुनीत कमी पडले ते अडीचशे. झाले सातशे एक. गोमाजी आनंदाने म्हणतो कसा, "बघ सगुणा, एक पैसा वाढला नाही!"

तेव्हा वहिनी उठल्या. पदर खोचला. "धोंडीबाभाऊजी, आधी माझा गॅस. बोकडाचे पैसे पुढच्या जत्रेपर्यंत, हप्त्याने, यांच्या विडीकाडीच्या पैशातून."

"असा कायदा नाय आपल्यात, वहिनी."

"आणि आपलाच बोकड आपणच दोनदा घ्यायचा कायदा आहे?"

धोंडीबाने पंचांकडे बघितलं, पंचांनी देवीकडे. देवी काही बोलली नाही. ठरलं.

पुढच्याच आठवड्यात गॅस आला. वहिनींनी शेगडीला हळदकुंकू वाहून सगळ्या मजल्याला चहा पाजला. नामाही डोंबिवलीहून आला, त्याला तर दोन कप. गोमाजीने हात पुढे केला, तर वहिनींनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे जुना वातीचा स्टोव्ह, त्यावर त्याचं वेगळं आधण आणि शेजारी साहेब.

"हप्ते फिटेस्तोवर तुमचा चहा तिथे."

वर्षभर तो तिथेच चहा प्यायला. मी समोर गॅसवरचा कप घेऊन बसायचो, आणि तो विचारायचा, "काय रे, चवीला फरक लागतो का?"

मी म्हणायचो, "भरपूर!"

खरं सांगू? काडीचाही नव्हता.