आधीच टाइप केलेली ओळ

टायपिस्ट मुनव्वरभाईंची ख्याती अशी की, कचेरीत एखाद्या कर्मचाऱ्याची चौकशी असली तर तिचा कागद ती सुरू होण्याआधीच निम्मा तयार असे. यात काही लबाडी आहे असं त्यांना वाटत नसे. ठरावीक वाक्यं ती, दर वेळी तीच. चार कार्बन लावून सकाळीच बडवून ठेवली, की दुपारच्या डब्याला उशीर होत नाही. 'कर्मचाऱ्यास साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची संधी दिली. त्यांनी ती नाकारली.' ही त्यातलीच एक ओळ. आणि नाकारतच सगळे. साहेबाला उलट विचारायची छाती कुणाची?

१९८१ च्या जूनमध्ये हिंदुरावांची पाळी आली. हिंदुराव हडपसरचे, रेकॉर्ड रूमचे शिपाई. जमिनीची एक फाइल गहाळ झाली होती. बारा मे रोजी सकाळी अकराला ती आपण हिंदुरावांच्या हातात दिली, असं अधीक्षकांनी साक्षीत सांगितलं. मस्टरवर त्या दिवशी हिंदुरावांची सही होतीच. नियमाप्रमाणे त्यांना बचावासाठी एखादा सहकारी सोबत घेता आला असता. पण अधीक्षकांच्या समोर खुर्ची टाकून बसायला कोण तयार होणार? ते एकटेच आले, टोपी हातात धरून.

साक्ष संपली आणि हिंदुराव उभे राहिले.

"साहेबास्नी एकच इचारायचं हाय," ते म्हणाले.

चौकशी अधिकाऱ्यांनी मुनव्वरभाईंकडे पाहिलं. मुनव्वरभाईंनी हळूच सांगितलं, की ओळ टाइप झाली आहे, पाचही प्रतींत. बदलायची तर अख्खं पान पुन्हा घ्यावं लागेल. दीड वाजत आला होता. अधिकारी हिंदुरावांना म्हणाले, काय असेल ते मागाहून लेखी द्या. मग रिवाजाप्रमाणे मुनव्वरभाईंनी कागद वाचून दाखवला. त्या ओळीपाशी त्यांचा आवाज जरा भरभर झाला. वाचून संपल्यावर कर्मचाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं आणि सही करायची. हिंदुराव 'बरोबर' म्हणाले.

ऑगस्टमध्ये बडतर्फीचा हुकूम निघाला. संधी देऊनही साक्ष खोडून काढली नाही, असं त्यात कारण होतं. तोही मुनव्वरभाईंनीच टाइप केला.

त्यानंतर तो माणूस त्यांना सोडेना. रेशनच्या रांगेत मागून कुणी नुसतं खाकरलं तरी वाटे, आता म्हणणार, एकच इचारायचं हाय. मशिदीतून घरी येताना, गंज पेठेच्या वळणावर, टोपी हातात धरलेलं कुणी दिसलं की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. बिलकिसने, त्यांच्या बायकोने, एकदा विचारलं, की जेवताना असं मान वर करून कुणाचं ऐकता? त्यांनी पुढचा घास उचलला. काय विचारायचं होतं हिंदुरावांना? सोळा वर्षं हाच एक भुंगा. पुढे त्यांनी एकही ओळ आधी टाइप केली नाही, डबे थंड झाले, साहेब लोक वैतागले. पण त्याने भुंगा काही गेला नाही.

निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी कौतुकाने म्हणालं, मुनव्वरभाईंच्या कागदावर कधी खाडाखोड सापडायची नाही. त्यांना हार जड झाला. दुसऱ्या दिवशी पुलगेटवरून बस धरून ते हडपसरला गेले.

हिंदुराव जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, पाणी दिलं. मुनव्वरभाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि विचारलं, तो प्रश्न काय होता?

सोजरबाईंना आठवावं लागलं नाही. हिंदुराव रोज सकाळी या भिंतीकडे तोंड करून तो विचारायचे.

"बारा तारखेला मस्टरवर सही करून घेतली, आन् मला खवा आणाया कात्रजला कुनी धाडलं हुतं?" त्या म्हणाल्या. "एवढंच. म्या म्हनायची, लिवून द्या. तर म्हनायचे, म्या लिवलं तर साहेबावर आळ घेतल्यावानी हुईल. नुस्तं इचारलं तर साहेब खोटं न्हाई बोलायचे."

मुनव्वरभाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तेरा मेला अधीक्षकांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकांच्या पाकिटांवरचे पत्ते त्यांनीच कचेरीत टाइप केले होते. जेवणात गुलाबजाम होते आणि त्यांनी आग्रहाने आणखी दोन घेतले होते. उत्तर त्यांच्याच पोटात गेलं होतं.

"तुमी तिथलेच," सोजरबाई म्हणाल्या. "तुमाला ठावं हाय का, कुनी धाडलं हुतं?"

"अधीक्षकांनी," मुनव्वरभाई म्हणाले. "मी तो खवा खाल्लाय."

सोजरबाई उठल्या. मग नातीच्या वहीचं एक पान फाडून त्यांनी पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, लिवा तसं. मुनव्वरभाईंनी लिहिलं. तीनच ओळी, पण दोनदा खोडावं लागलं.

"आता वाचा," त्या म्हणाल्या. "तिकडं तोंड करून."

ते भिंतीकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द वाचत गेले. संपल्यावर जुन्या सवयीने थांबले. 'बरोबर' म्हणायला भिंतीपाशी कुणी नव्हतं. तरी ते थांबूनच राहिले.