ढिली सोडलेली नळी

शेजाऱ्याच्या स्कूटरखाली पेट्रोल ठिबकलं आणि त्या वासासरशी मी तीस वर्षांमागच्या अर्नाळ्याच्या अंगणात पोचले. सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची नळी पुन्हा तोंडाशी चिरली होती. नळी आखूड कापून ताणून बसवायची ही ह्यांची सवय; इंजिन थरथरलं की तिला ओढ बसायची.

"आता भंगारातच देतो," हे वैतागले.

मी म्हटलं, "अहो, होडी बांधताना भरतीसाठी दोर ढिला सोडता, मग हिला का नाही?"

हे उठून दुकानात गेले. मग लांब नळी आणून सैल वळण देऊन बसवली. गाडी धडधडली, पण थेंब पडला नाही.

"आता तूच चालव गो!"

माहेरी शिकले होते. सासरी मात्र कुणी हात लावू दिला नव्हता. नालासोपाऱ्याच्या भर बाजारातून गाडी मी नेली, हे मागे बसले. हॉर्नवरचं बोट मी काढलंच नाही.