वर सांगितलं, खाली नाही

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

रत्नागिरीजवळच्या एका किनारी पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच हापूसच्या बागेचा एक ठेकेदार फिर्याद घेऊन आला. पानं आणि मोहोर खाणाऱ्या अळीवर ड्रोनने फवारणी चालू असताना खालच्या मच्छीमार वाडीतल्या एका बाईने जाळं टाकून ड्रोन पाडला होता. तिला ताबडतोब अटक करा, ही त्याची मागणी.

मी वाडीत गेलो. बाई साठीची असावी. विचारलं, "मावशी, ड्रोन तुम्ही पाडलात?"

"मीच पाडला. नाय कशाला म्हणू?" ती म्हणाली. "आमी मासळी सुकत घालत होतो. वरनं औषध अंगावर आलं. माझी जाव तिथंच पडली, तोंडाला फेस. मी हात करून ओरडले, कोण थांबलं नाय. मग तो ड्रोन टाकी भरायला बांधाशी खाली येत होता, तेव्हा मासळीवरचं जाळं ओढलं नि टाकलं त्याच्यावर."

"असं पुन्हा करू नका."

"पुन्हा आला तर पुन्हा पाडीन. लिवा तसंच."

तसंच लिहिलं. जाऊ सिव्हिलमध्ये ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी कीटकनाशकाची विषबाधा सांगितली. ठेकेदाराची फिर्याद मी दाखल केलीच; पण विषारी पदार्थ हाताळताना निष्काळजीपणा केल्याची बाईची फिर्यादही घेतली. टाकीत उरलेलं औषध आणि वाळत घातलेली मासळी पंचनामा करून सीलबंद केली.

ठेकेदार म्हणाला, "औषध सौम्य आहे. वाडीला कळवायची गरजच नव्हती." ड्रोन चालवणाऱ्यानेही शब्दन् शब्द हेच सांगितलं. दोन माणसांचा जबाब इतका जुळला की तो पढवलेला असतो, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं.

दुपारी वरून फोन आला. बाईवरचा गुन्हा ठेवा, दुसरं प्रकरण मिटवा.

"लेखी आदेश पाठवा, साहेब. तोवर या फोनची स्टेशन डायरीत नोंद घेतो," मी म्हटलं. फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही.

त्यानंतर एका माणसाने हळू आवाजात फोन केला. बागेच्या वरच्या अंगाला पाहुण्यांचा बंगला होता, तिथे तो स्वयंपाकी होता. "माझं नाव येऊ देऊ नका. आम्हाला आदल्या संध्याकाळीच सांगितलेलं, खिडक्या लावा, पाण्याची टाकी झाका, कुत्रा आत बांधा."

मी ड्रोनवाल्याला एकट्याला आत घेतलं. चहा दिला. मग विचारलं, "बंगल्यातला कुत्रा आदल्या दिवशी आत का बांधायला लावला?"

त्याने कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं, खालीपण सांगूया. वारा वाडीकडे जातोय, तेही म्हटलं. ठेकेदार म्हणाले, खाली सांगितलं तर ते लोक कामच करू देणार नाहीत. उरक."

ठेकेदाराला समोर बसवलं. "कुत्र्याला धोका होता, आणि माणसांना नव्हता?"

त्याने तडजोडीची भाषा सुरू केली. बाईने माफी मागावी, तो फिर्याद मागे घेईल. मी निरोप पोचवला.

"माफी?" ती म्हणाली. "जाव वाचली, म्हणून हा अजून गावात फिरतोय."

ठेकेदारावर दोषारोपपत्र दाखल केलं. बाईच्या प्रकरणात, तिने स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी ड्रोन पाडला, असं माझ्या सहीने स्पष्ट लिहिलं. पुढचं कोर्टाने पाहावं. माझी बदली लवकर झाली. का, ते मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या मोहोराच्या वेळी सहज तिकडे गेलो होतो. फवारणीच्या आदल्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा वाडीत फिरत होती. मावशीने ती हात करून थांबवली. "औषधाचं नाव सांग. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." रिक्षावाल्याने नाव पुन्हा वाचलं, वारा फिरला तर काम थांबेल हेही वाचलं. जाऊ दारात उभी राहून ऐकत होती.

अळीपासून बागा वाचल्याच पाहिजेत, त्यावर इथली कितीतरी घरं चालतात. पण ठाण्यात आधी पोचला तो फिर्यादी आणि घरी राहिला तो आरोपी, एवढ्या सोप्या समजुतीवर त्यानंतर मी एकही तपास केला नाही. नव्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगतो: फिर्याद घ्या, आणि मग उठून खालच्या वाडीत जा.