धुऱ्यावरचं अंगण

कवडू कुंभरेने उभी हयात जंगलातल्या रोपवनांना कुंपणं घालण्यात काढली. केशोरीच्या आसपासच्या किती तरी रोपवनांचे खांब त्याच्या हातचे. "तीन वर्सं ढोर आत गेलं नाही, का झाड आपलं आपण उभं रायते," एवढंच त्याचं शास्त्र.

त्याची बायको शामकला मात्र शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाखाली, उघड्यावर होती. चार वर्षांपूर्वी तिला तिथेच माती दिली, उशाशी एक दगड उभा केला. गुरं त्यालाच अंग घासत.

मुलगी दुर्गा नर्स होती. जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिचं काम ठरलं होतं. अडलं होतं ते कवडूच्या होकारावर.

"तू तिकडं. मी मेलो त माती कोण देईल?" तो म्हणे. पहिली मूठ पोटच्या लेकराची लागते, आणि त्याला तर ही एकच लेक.

एका दुपारी तो ओट्यावर बांबू फोडत होता. दुर्गा मोबाईलवर शब्द पाठ करत होती.

"फ्रीडहोफ. म्हणजे माती देतेत ते जागा, बाबा. होफ म्हणजे अंगण. फ्रीड म्हणजे शांती, असं मले वाटे. पण आमची जर्मनची मॅडम म्हणते, शांती मागून चिकटली. मुळात ते राखणं होतं, कुंपण घालून जपणं. घरापुढच्या, देवळापुढच्या कुंपणातल्या अंगणाले फ्रीडहोफ म्हणत."

"मेलेल्यायले कुंपण कायले? पळून जातेत का?"

"कोणी तुडवू नाही म्हणून."

कवडूचा कोयता थांबला. मग तो पुन्हा बांबू फोडू लागला.

दुसऱ्या दिवशी दुर्गा भाकर घेऊन शेतात गेली, तेव्हा तो मोहाभोवती खांब ठोकत होता. घेर मोठा धरला होता. शामकलाच्या शेजारी आणखी एकाची जागा सुटली होती.

"एवढं मोठं काऊन करून रायला, बाबा?"

"तुझी माय अंगणात एकटीच राहील का?"

कवडूने मोहाच्या बुडाशी ठेवलेलं कोरं गाडगं उचललं.

"यात एक मूठ माती टाकून ठेव. माझ्या वेळेले कोणीबी ते माझ्यावर ओतील, हात तुझाच राहील. मंग जा तू."

दुर्गा खाली बसली. तिने माती उचलली, पण मूठ लवकर उघडेना. कवडू गाडगं धरून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. दोन खांब अजून ठोकायचे होते.